काळाचौकीची वाढती पिंडी

काळाचौकीच्या नवप्रभात इंडस्ट्रियल इस्टेटची लिफ्ट गेली सहा वर्षं बंद आहे. गिऱ्हाईक चौथ्या मजल्यावर चढायला कुरकुरतं, म्हणून वरच्या गाळेवाल्यांचे धंदे निम्म्यावर आले. पण मे महिन्यातल्या त्या सोमवारी सकाळी साडेआठला जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीपायरीवर चपलांचे ढीग. घोडपदेवहून आलेल्या बायका एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने दुधाची पिशवी धरून चढत होत्या. शिवाजी पार्कला फेऱ्या मारून तसंच टॅक्सीने आलेलं एक वयस्क जोडपं तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसलं होतं.

"अजून किती हो?" आजींनी विचारलं.

"एकच मजला, आजी. देव काय तळमजल्यावर भेटतो?" वरून कोणीतरी म्हणालं.

चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये शंभरेक माणसं माना वर करून उभी होती. छताच्या काँक्रीट बीमला एक थेंब लोंबकळत होता. तो फुगला, जरासा हलला आणि टप्पकन खाली पडला. लगेच "हर हर महादेव!" असा गजर झाला, तो पार गेटपर्यंत ऐकू गेला असेल.

थेंब पडला तो पिंडीवर. लादीवर आपोआप उगवलेली पांढरी पिंडी. खाली भाकरीसारखी पसरट, मध्ये लिंबाएवढा उंचवटा. कोणी आणून बसवली नव्हती, कोणी घडवली नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती वाढत होती.

पिंडीशेजारी रघु बसला होता. रघु म्हणजे इस्टेटचा पंपवाला. महाशिवरात्रीपर्यंत खाकी शर्ट घालून पाण्याचा पंप चालू-बंद करायचा. आता अंगावर भगवी लुंगी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि नाव रघुनाथगिरी महाराज. पंप अजूनही तोच चालू-बंद करायचा, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"बघा, नीट बघा!" रघु ओरडला. "आजूबाजूला पन्नास-पन्नास मजल्यांचे टॉवर झाले. इटालियन मार्बल आहे तिथे, एसी आहे. भोलेनाथ तिथे गेला? नाही गेला! कष्टकऱ्याच्या गाळ्यात आला. हिमालयात बर्फाचा होतो, काळाचौकीत आरसीसीचा होतो! आता सांगा, आभाळात ढग आहे?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"पाऊस आहे?"

"नाही!"

"मग हे पाणी कुठनं येतंय?"

"गंगा! गंगा!"

मग त्याने लाल दोरा काढून पिंडी मोजली आणि जाहीर केलं, "गेल्या सोमवारपेक्षा अर्धा तांदूळ जास्त!" बायकांनी डोळे पुसले. पिंडीच्या कडेची पांढरी पूड खरवडून त्याने पुड्या वाटल्या. गुडघ्याला लावा, चिमूटभर पोटात घ्या, हाडं लोखंडासारखी होतील. एका बाईने तिथेच जिभेवर टाकली आणि कळवळली. "आग होते हो!" रघु शांतपणे म्हणाला, "होणारच. पाप जळतंय तुझं." ती बिचारी आणखी वाकून पाया पडली.

मी भिंतीला टेकून हे बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. कारण बीममधून झिरपणारं पाणी मी वीस वर्षं बघते आहे. तोच माझा धंदा आहे. मी नलू परब. कारखाने, गोदामं, इस्टेट यांच्या गच्च्या, टाक्या, तळघरं यांचं वॉटरप्रूफिंग करते. बाई माणूस या धंद्यात कशी, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर एकच, आनंदाकाकांमुळे. ते पुढे येईलच.

मी तिथे देवदर्शनाला गेले नव्हते. पिंडीच्या अगदी पलीकडचा गाळा माझ्या थोरल्या बहिणीचा, शैलाचा. ती शाळांचे युनिफॉर्म शिवते. बारा मशीन, अकरा बायका आणि ती स्वतः, सगळ्या दिवसाचे नऊ तास त्याच छताखाली. त्या छतावर पंधरा दिवसांपासून तांबडे ओघळ दिसायला लागले होते.

ते ओघळ बघायला रघु आत आला तेव्हा हात जोडून म्हणाला होता, "आधी भस्म दिलं, आता कुंकू देतोय. शैलाताई, तुमचं भाग्य थोर."

कुंकू! अरे, काँक्रीटच्या आत सळई गंजली की असं तांबडं पाणी येतं. गंजलेली सळई फुगते आणि फुगली की खालचं काँक्रीट ढकलून पाडते. पांढरं येतंय तोवर फक्त पाणी मुरतंय. तांबडं आलं की छत धोक्यात आहे. हे मी शैलाला दहा वेळा सांगितलं.

"मशीन खाली हलव, शैला. आज हलव."

"जूनमध्ये शाळा सुरू होतात, नलू. अडीच हजार शर्ट बाकी आहेत. आणि देवाने इथे वास केलाय, तो काय आमच्याच डोक्यावर पडणार?"

"देव नाही पडणार. स्लॅब पडेल."

"तुला नं, प्रत्येक गोष्टीत सिमेंटच दिसतं."

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी चार नंबरच्या मशीनवर छताचा पोळपाटाएवढा तुकडा पडला. मशीनचं चाक वाकलं. त्या मशीनवर आनंदीबाई बसतात. साठीच्या, सरळ पाठीच्या, दिवसाला चाळीस कॉलर लावणाऱ्या. तुकडा पडला तेव्हा त्या नेमक्या पॅसेजमध्ये प्रसाद घ्यायला उठल्या होत्या. झालं! "देवानेच हाक मारून उठवलं" असं इस्टेटभर झालं, शैलाने एकवीस नारळ बोलले आणि गर्दी दुप्पट झाली. तुकडा जिथून निसटला तिथे दोन सळया उघड्या पडल्या होत्या. गंजून पेन्सिलीहून बारीक झालेल्या सळया. त्या बघितल्या आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

आता खरी गोष्ट सांगते. या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन वर्षांपूर्वी आम्हीच केलं होतं. म्हणजे आनंदाकाकांच्या, आनंदा तावडे यांच्या फर्मने, आणि मी तेव्हा त्यांची सुपरवायझर होते. म्हणून गच्चीवर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. आनंदाकाकांचं काम गळेल? मला वाटलं, टाकीचा एखादा पाइप फुटला असणार. इस्टेटच्या कमिटीने मात्र जानेवारीत ठराव केला होता, की पावसाआधी गच्चीचा कोबा फोडायचा आणि आत काय आहे ते बघायचं. कोबा म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेला उताराचा जाड थर. तो फोडायला माणसं यायच्या आठवडाभर आधी, बरोबर महाशिवरात्रीला, पिंडी प्रगटली. देवाच्या माथ्यावर घण कोण मारणार? ठराव बासनात गेला. गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली रघुच्या कमरेला, कारण देवाच्या डोक्यावर पाय पडता कामा नये.

मी आनंदाकाकांकडे गेले. लालबागला त्यांची चाळीतली खोली, बाहेर कुंडीत तुळस आणि आत साऱ्या भिंतीवर गिऱ्हाइकांनी दिलेली मानपत्रं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण अजून साइटवर उकिडवा बसला की पोरांना लाजवेल. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली, वडील खचले, आणि शेजारच्या आनंदाकाकांनी मला डिप्लोमा करायला लावलं. पहिली साइट त्यांनी दिली. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई मारावी लागते, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं. ती गोलाई सोड्याच्या बाटलीची पाठ फिरवून कशी करायची, हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं. गोलाईला अंगठा लावून बघायचे आणि म्हणायचे, "गोलाई चुकली तर सगळं चुकलं, गो." मी त्यांना बापाच्या जागी मानत होते. हे वाक्य लिहितानाही मला राग येतो.

मी त्यांना सगळं सांगितलं. पिंडी, तांबडे ओघळ, आनंदीबाईंचं मशीन.

"काका, तुम्ही फक्त येऊन सांगा, ही गळती आहे. लोक माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. शैला तर नक्कीच ऐकेल, तिच्या गाळ्याच्या पूजेला तुम्हीच नारळ फोडला होता."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "येतो. सोमवारीच येतो. तू काळजी नको करू, चेडवा."

मी हलक्या मनाने घरी गेले. इतकी मूर्ख मी.

तर तो हा सोमवार. पुड्या वाटून झाल्या आणि जिन्यावरून आनंदाकाका आले. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. रघुने उठून त्यांना पाट दिला. मला आनंद झाला, आता बघच म्हटलं तुझी फजिती.

काका पिंडीसमोर उभे राहिले. वर बीमकडे बघितलं, खाली बघितलं. मग लोकांकडे वळले.

"मी आनंदा तावडे. पंचेचाळीस वर्षं वॉटरप्रूफिंग करतोय. या गच्चीचं काम माझ्या हातचं आहे. त्यातून पाण्याचा थेंब खाली येणं शक्य नाही. म्हणून सांगतो, ही गळती नव्हे." आणि त्यांनी पंचा पसरून पिंडीला साष्टांग नमस्कार घातला.

लोकांनी जो जयजयकार केला तो मला लांबून कुठूनतरी ऐकू आला. शैला माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तरी पटलं?" काका उठले, माझ्यासमोरून गेले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मी आठवडाभर तोच नमस्कार डोळ्यांपुढे आणत राहिले. वय झालं, श्रद्धा जडली, असं म्हणून मी त्यांना माफ करायचा प्रयत्न केला. पण एक वाक्य घशाखाली उतरेना. थेंब येणं शक्य नाही, हे कुठलाही वॉटरप्रूफिंगवाला म्हणत नाही. आनंदाकाका तर कधीच म्हणत नसत. ते म्हणायचे, आधी वर जाऊन बघ, मग बोल.

म्हणून रविवारी दुपारी, इस्टेट बंद असताना, मी वर गेले. ए विंगच्या गच्चीला रघुचं कुलूप होतं, पण बी विंगच्या गच्चीला नव्हतं, आणि दोन गच्च्यांच्या मध्ये फक्त कमरेएवढा कठडा आहे. या गच्चीवर मी दीड महिना उन्हात काढला होता, मला ते कोणी सांगायची गरज नव्हती. कठडा ओलांडून पलीकडे उतरले आणि जागच्या जागी थांबले.

पॅसेजच्या आणि शैलाच्या गाळ्याच्या बरोबर वर विटांची वीतभर उंच पाळ बांधलेली होती. चौकोनी, चांगली पंधरा बाय वीस फुटांची. आत घोट्याच्या वर पाणी. टाकीवरून एक निळा पाइप आणून त्यात सोडलेला. रघु पंप चालू करायचा तो देवाच्या गंगेसाठीच!

आमच्या धंद्यात याला पाँडिंग म्हणतात. वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीवर अशी पाळ बांधून तीन दिवस पाणी उभं करायचं आणि खाली थेंब येतो का बघायचं. काम पास की नापास, हे तीन दिवसांत कळतं. इथे तीन महिने पाँडिंग चालू होतं, काम तीन महिने रोज नापास होत होतं, आणि खाली माणसं त्याची आरती करत होती. मी एकटीच हसले. हसू फार वेळ टिकलं नाही.

मी खाली बसून पाळ निरखली. पाळ आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात आतून सिमेंटची गोलाई मारली होती. एकसारखी, गुळगुळीत, कुठे धार नाही की खड्डा नाही. मी अंगठा लावून बघितला. असा हात मुंबईत एकाच माणसाचा आहे. मग मी गच्चीच्या कठड्याशी गेले. तिथे दोन वर्षांपूर्वी सगळीकडे तशीच गोलाई मारायला हवी होती. जुनी जळकी ताडपत्री पडली होती ती बाजूला केली. कोपरा सरळ होता. गोलाई नव्हतीच. जी त्यांनी गच्चीला मारली नाही, ती या डबक्याला मारली होती, पाणी नीट थांबावं म्हणून.

मी तिथेच उन्हात बसून रडले. सांगायला लाज कसली?

माझ्या बॅगेत गळती शोधायच्या हिरव्या रंगाचा डबा नेहमी असतो. पाणी कुठून कुठे जातं ते कळत नसलं, की आम्ही वरच्या पाण्यात तो टाकतो आणि खाली कुठे हिरवं येतं ते बघतो. मी डबा उघडला आणि सगळाच्या सगळा त्या पाण्यात ओतला. हाताने ढवळला. मनगटापर्यंत हिरवी झाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पॅसेज तुडुंब. आनंदाकाकाही होते, आता ते मानकरी झाले होते, पाटावर बसत. शैला आरतीचं तबक घेऊन पुढे. रघुने तोंड उघडलं, "आभाळात ढग आहे?" आणि थेंब पडला. हिरवागार.

दुसरा थेंब पडला. पांढऱ्या पिंडीवरून पोपटी ओघळ उतरायला लागले. रघुचं तोंड उघडंच राहिलं. पण मानलं पाहिजे त्याला, तीन सेकंदांत सावरला.

"बेल!" तो किंचाळला. "बेलाचा रस! स्वर्गातून बेलपत्राचा अभिषेक! अरे बघता काय, लोटांगण घाला!"

आणि लोक पडले की हो लोटांगणात! मी डबाभर रंग ओतून उभा केलेला पुरावा त्या माणसाने एका शब्दात खिशात घातला. कोणी रडत होतं, कोणी व्हिडिओ काढत होतं, एक काका ओंजळीत हिरवं पाणी धरून डोळ्यांना लावत होते.

"अहो, थांबा! तो रंग आहे! मी टाकलाय!" मी दोन्ही हात वर केले. घासूनही तळव्यांचा हिरवा रंग गेला नव्हता. "काल दुपारी वरच्या पाण्यात मी टाकला. हा बघा डबा."

"बाई, आधी चपला काढा!" मागून कोणीतरी खेकसलं.

"हिला बाहेर काढा रे!"

दोघा-तिघांनी माझा दंड धरला. आनंदाकाका पाटावरून हललेही नाहीत. मी त्यांना हाक मारली, "काका, सांगा की यांना!" ते पिंडीकडे बघत राहिले.

तेवढ्यात शैलाच्या गाळ्यातून आनंदीबाईंची हाक आली. "शैलाताई, अगो इकडे ये आधी!" सगळे तिकडे वळले. उघड्या पडलेल्या त्या दोन सळयांवरून हिरवं पाणी ठिबकत होतं आणि खाली इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर पडत होतं. वरचे आठ-दहा शर्ट वाया गेले होते. शैलाने एक उचलला. त्या डागाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं.

"देव माझ्या शर्टांवर कशाला बेल वाहील?" ती म्हणाली.

ती बाहेर आली, तबक लादीवर ठेवलं आणि हात पुढे केला. "रघु, गच्चीची किल्ली दे."

"महाराज म्हण, शैलाताई. आणि देवाच्या माथ्यावर—"

"रघु, किल्ली."

माझ्या बहिणीचा तो आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. रघुलाही तो कळला. त्याने किल्ली दिली.

शैला पुढे, तिच्या मागे आनंदीबाई आणि बाकीच्या बायका, त्यांच्या मागे निम्मी गर्दी. गच्चीचं दार उघडलं आणि सगळ्यांना ते दिसलं. उन्हात चकाकणारं हिरवं डबकं आणि त्यात पाणी सोडणारा निळा पाइप. शिवाजी पार्कची ती आजी आजही आली होती. पाइपकडे बोट दाखवून तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, ही गंगा?" नवऱ्याने मान खाली घातली.

मी बॅगेतून छिन्नी-हातोडा काढला आणि पाळीच्या बाहेर हातभर कोबा फोडला. खाली काळ्या लेपाचे तीन हात आणि त्यात जाळी हवी होती. धूळ निघाली. वाळू निघाली, एक गुटख्याची पुडी निघाली. लेप नखाएवढासुद्धा नव्हता.

"आता माझं ऐका," मी म्हणाले. "या गच्चीची चाचणी पास झाली, असा कागद इस्टेटच्या ऑफिसात आहे. त्यावर सही माझी आहे. गोलाई आणि लेपाचं काम निघालं तेव्हापासून आई हॉस्पिटलात होती, मी तिच्याजवळ होते. काका कागद घेऊन तिथे आले. म्हणाले, तीन दिवस पाणी उभं होतं, थेंब नाही, सही कर. मी केली. न बघता केली."

"मग तू पण त्यातलीच!" कोणीतरी ओरडलं.

"हो. म्हणून तर सांगते आहे. कमिटीने माझ्यावर तक्रार करावी, मी लिहून देते. पण खाली त्या छताखाली आजपासून कोणी बसायचं नाही."

रघुला आता घाम फुटला होता. "माझं काय डोकं आहे का एवढं?" तो बडबडला. "खाली पांढरा गोळा दिसला, तो तावडेशेठनीच आधी बघितला. म्हणाले, मी पाळ बांधतो, तू पाणी सोडत राहा. देवाचं नाव लागलं की गच्ची कोण फोडत नाही. विचारा त्यांना!"

आनंदाकाका दारात उभे होते. सगळे बाजूला झाले. त्यांनी आधी फोडलेल्या खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाऊस दहा दिवसांवर होता गो," ते म्हणाले. "तीन साइट एकदम अंगावर होत्या. वळवाच्या सरीने स्लॅब ओला होता, लेप बसला नसता. म्हटलं, कोबा टाकून झाकू, पुढच्या उन्हाळ्यात गुपचूप करून देऊ. मग कमिटी फोडायला निघाली. पंचेचाळीस वर्षांचं नाव गेलं असतं. तुला तरी सहन झालं असतं?"

मी हातातला हातोडा खाली ठेवला. शैला मात्र त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात तो डागाळलेला शर्ट अजून होता.

"काका, खाली मी बसते, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

त्यांनी नजर पाळीकडे वळवली.

"नमस्कार घातलात त्या दिवशी तांबडं पाणी दिसत होतं. तुम्हाला त्याचा अर्थ कळतो. नलूने मला सांगितला, मी हसले. तुम्हाला तर कळत होता. तरी मला ऊठ म्हणाला नाहीत?"

आनंदाकाकांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं आणि ते जिना उतरून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही. मीही नाही.

त्याच दुपारी मी माझी चार माणसं आणून छताला लोखंडी टेकू लावले. मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात गेली. आनंदीबाईंनी वाकलेलं चाक बदलून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत अठरा कॉलर लावल्या. रघु दोन दिवस दिसला नाही, मग खाकी शर्टात परत आला. स्लॅबचा तो भाग तोडून नवा करावा लागणार आहे. कमिटीकडे मी लेखी जबाब दिला. त्यात पहिलं नाव माझं आहे, दुसरं आनंदा तावडे यांचं. दुसरं लिहिताना मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

अजूनही कोणीतरी अधूनमधून विचारतं, "पण ताई, पिंडी तर खरी होती ना? ती कोणी घडवली नव्हती." खरी होती. सिमेंटमध्ये चुना असतो. पाणी स्लॅबमधून झिरपताना तो चुना बरोबर घेऊन खाली येतं. थेंबाला हवा लागली की चुन्याचा पुन्हा दगड होतो, आणि रोज त्याच जागी थेंब पडला की दगड वाढतो. जिभेची आग झाली तीही त्या चुन्यानेच. कुठल्याही गळक्या पार्किंगमध्ये जा, अशी पांढरी टोकं छताला लोंबताना दिसतील. त्यांना कोणी नारळ फोडत नाही, कारण तिथे शेजारी रघु बसलेला नसतो. गोळा पाण्याने केला होता. त्याचा देव आनंदाकाकांनी केला आणि रघुने तो दोऱ्याने मोजला.

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी त्यात पडत नाही. पण छतातून थेंब पडला तर हात जोडायच्या आधी जिना चढा आणि वर पाणी कोण सोडतंय ते बघा. सांगणारा कितीही मोठा असो, कितीही आपला असो, आपल्या डोळ्यांनी बघा. मी बघितलं नव्हतं, आणि त्या छताखाली माझी बहीण रोज नऊ तास बसत होती.